रॉकमधलं भय: तीव्र मध्यमापासून मारबतीपर्यंत

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात आजोबांची वाजवायची पेटी अजून आहे. मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती. बाहेर ४६ अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही, खोलीत कुलरची घरघर, आणि मी हेडफोन लावून बसलेलो. तिनं एक कान स्वतःकडे ओढून घेतला, अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "मामा, हे ऐकून तुला भेव नाही लागत? आणि लागत असेल तर ऐकतोस कशाला?"

आमच्याकडे भीतीला भेव म्हणतात. तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'लागतं' एवढंच होतं. दुसऱ्यासाठी मात्र पेटी उघडावी लागली.

ती गाणं शिकते, म्हणून तिला म्हटलं, पांढरी पाचचा, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सा धर. आता तोच सा वरच्या सप्तकातला. आता खाली उतरून दोघांच्या मधल्या काळी एकवर थांब. सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम, म्हणजे शुद्ध मध्यम आणि पंचम यांच्या मधला स्वर. तिनं तीन स्वर वाजवले आणि माझ्याकडे बघितलं. हेडफोनमध्ये नुकतं ऐकलेलं तेच होतं, फक्त पेटीवर.

हे तीन स्वर 'ब्लॅक सबाथ' या इंग्लिश बँडच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्याचे. बँडचं नाव, अल्बमचं नाव आणि गाण्याचं नाव, तिन्ही एकच. १३ फेब्रुवारी १९७० रोजी तो अल्बम बाजारात आला. सुरुवातीला पाऊस पडत असतो, लांब कुठेतरी चर्चची घंटा वाजते, ढग गडगडतात आणि मग टोनी आयोमीची गिटार हे तीन स्वर टाकते. अगदी सावकाश. रॉकमध्ये भीतीची गाणी त्याआधीही झाली होती, पण भीती शब्दांच्या आधी सुरांत उतरलेली ऐकायची असेल तर सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे.

आता त्या तीव्र मध्यमात एवढं काय आहे? सा ची कंपनं १०० धरली तर वरचा सा २०० होतो. पंचम येतो १५० वर, शुद्ध मध्यम १३३ च्या आसपास. १०० आणि १५० म्हणजे दोनास तीन. दोन लाटा पटकन एकमेकींना गाठतात, कानाला जुळल्यासारखं वाटतं. पेटीवरचा तीव्र मध्यम येतो १४१ च्या जरा पुढे. १०० आणि १४१ यांचं सोपं गुणोत्तर निघतच नाही. शिवाय हा स्वर सप्तकाच्या बरोबर मध्यावर बसतो: खालच्या सा पासून सहा पट्ट्या वर, वरच्या सा पासून सहा पट्ट्या खाली. अनोळखी रस्त्यावर दोन्हीकडे सारखंच अंतर असलं की पाय कुठे वळवावा कळत नाही, तसं कानाचं होतं.

युरोपात या अंतराला पुढे 'संगीतातला सैतान' असं नाव पडलं. चर्चनं त्यावर बंदी घातली होती, अशी गोष्ट हौसेनं सांगितली जाते, पण तशा बंदीचा पुरावा सापडत नाही. गाताना धरायला अवघड, म्हणून जुने संगीतकार तो टाळत, इतकंच.

भाचीनं इथेच मला अडवलं. "पण यमन रागात तीव्र मध्यमच असतो की. यमन ऐकून कोण घाबरतं?"

तिनं अगदी नेमकी जागा पकडली होती. स्वरात भीती नसते, तो स्वर तुम्हाला कुठे नेऊन सोडतो त्यात असते. यमनमध्ये तीव्र मध्यमाला पंचमाचा आधार आहे. मध्यम टेकला की पुढे पंचम हात देतो, संध्याकाळी घरी पोचल्यासारखं वाटतं. मारवा रागात तोच तीव्र मध्यम आहे, सोबतीला कोमल रिषभ आहे आणि पंचम नाही. सा सुद्धा गवई टाळून टाळून लावतो. म्हणून सूर्य मावळताना मारवा ऐकला की पोटात काहीतरी हलतं. आयोमीनं मारव्याचा अभ्यास केला होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण त्याची गिटारही तीव्र मध्यमावर येऊन थरथरते, उत्तर देत नाही, परत सा वर जाते आणि परत तिथेच येते. कानाला विसावा मिळत नाही. मेटालिकाच्या 'एंटर सँडमॅन' या १९९१ च्या गाण्याची प्रसिद्ध सुरावटही याच अंतरावर पाय रोवून चढते. ते गाणं लहान मुलाच्या झोपेआधीच्या भीतीचं आहे. आपल्याकडे मूल झोपावं म्हणून बागुलबुवाची भीती घालतात, इथे झोपवणाराच बागुलबुवा आहे.

आयोमीच्या हातांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या १७ व्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रानं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं उडवली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुन्हा वाजवायला लागला. तारा ताणलेल्या असल्या की बोटं दुखत, म्हणून पुढे तो तारा सैल करू लागला. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन पट्ट्या खाली लावलेली आहे. सैल तार खोल, जड, जमिनीतून आल्यासारखी वाजते. त्या जडपणाच्या मागे एका कामगार पोराचा अपघात आहे. मला ती गाणी ऐकताना दर वेळी हे आठवतं.

भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या बँडच्या नावातच आहे. त्यांच्या सरावाच्या जागेसमोरच्या थिएटरात १९६३ चा याच नावाचा भयपट लागला होता. बाहेर रांग होती. घाबरायला लोक पैसे मोजतात, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तशी गाणी का करू नयेत असं वाटलं.

पण लोक पैसे का मोजतात? त्यासाठी थोडं डोक्याच्या आत जाऊ.

मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो. ग्रीक भाषेतल्या बदामावरूनच त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याची पहिली हाक तिथे लागते. डोळ्याकानांनी आणलेली बातमी तिथे दोन वाटांनी पोचते. एक वाट जवळची आणि घाईची. दुसरी मेंदूच्या विचार करणाऱ्या थरातून फिरून येणारी, थोडी उशिराची पण नीट. वेदान्तातला दोरीवरचा साप आठवा. अंधारात वेटोळं दिसतं, पाय आधी मागे येतो आणि 'अरे, दोरी आहे' हे नंतर कळतं. आधीची उडी पहिल्या वाटेची, नंतरचा सुस्कारा दुसऱ्या वाटेचा. दोन्हींच्या मधल्या क्षणात रक्तात ॲड्रेनलिन उतरलेलं असतं, छाती धडधडत असते, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळून अंगावर काटा आलेला असतो.

भीतीचं गाणं नेमकं या दोन वाटांमध्ये आपल्याला धरून ठेवतं. शरीर म्हणतं साप, डोकं म्हणतं दोरी. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, चार-पाच मिनिटं.

शरीराला साप वाटायला लावणारा आवाज कोणता, यावर संशोधन झालेलं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाची किंकाळी तपासली गेली. किंकाळीचा जोर सेकंदाला ३० ते १५० वेळा झपाझप कमीजास्त होत असतो. साध्या बोलण्यात असं होत नाही. कानाला तो खरखरीतपणा जाणवतो, आणि जितका तो जास्त तितका माणूस जास्त घाबरतो, अमिग्डला जास्त जागी होते. मोटारीच्या सायरनमध्येही तो आढळला.

रॉकची गिटार खरखरीत का वाजते हे समजायला नागपुरातली कुठलीही मिरवणूक आठवा. भोंग्याला पेलवत नाही एवढा आवाज सोडला की तो फाटतो. ॲम्प्लिफायरमध्येही तेच होतं: लाटेचा वरचा आणि खालचा गोलवा कापला जातो, ती सपाट होते आणि मूळ स्वरात नसलेले कितीतरी वरचे स्वर त्यात मिसळतात. भोंगा फाटला की मंडपवाला धावत येतो. रॉकवाल्यांनी तो फाटलेपणा मुद्दाम जपला, कारण माणसाचा गळाही भावना पेलवेनाशी झाली की असाच फाटतो.

हे गळ्यात ऐकायचं असेल तर रोलिंग स्टोन्सचं १९६९ मधलं 'गिमी शेल्टर' ऐका. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि ते गाणं युद्धाच्या सावटाचं आहे, आसरा मागणारं. त्यात मेरी क्लेटन या गायिकेला रात्री उशिरा घरून बोलावून घेतलं होतं. ती गरोदर होती. गाताना वरच्या स्वरावर तिचा आवाज एका जागी अक्षरशः तडकतो, आणि मागून स्टुडिओतल्या कुणाचा तरी भारावलेला उद्गार ध्वनिमुद्रणात तसाच राहिला आहे. कुठल्याही वाद्यानं ती तडक आणता आली नसती.

आता जरा आपल्या घरच्या शहाणपणाकडे येतो. भीतीत रस कसा असू शकतो, हा प्रश्न भरतमुनींनी फार पूर्वी हाताळला आहे. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत भयानक हा एक. त्याचा रंग काळा आणि देवता काल सांगितली आहे. काळे कपडे घालून रंगमंचावर येणाऱ्या मेटल बँडना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, तरी रंग तोच निवडला गेला.

पुढे नाट्यशास्त्रावर भाष्य करणाऱ्या काश्मीरच्या अभिनवगुप्तानं भयानक रसाचं उदाहरण घेतलं ते शाकुंतलातलं: दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे बघत पळणारं हरिण. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. ते हरिण पाहताना 'मी घाबरलो' असं वाटत नाही, 'ते हरिण घाबरलंय' एवढंही वाटत नाही. कुणाचीच न राहिलेली, जागेतून आणि वेळेतून सुटलेली नुसती भीती आपल्यासमोर उभी राहते. ती आपली नसते म्हणून पळावं लागत नाही, आणि परकीही नसते म्हणून कंटाळा येत नाही. आमच्यापासून तासाभरावर रामटेक आहे, जिथल्या टेकडीशी कालिदासाचं मेघदूत जोडलं जातं. तिकडे जाताना गाडीत रॉक लावला की मला हटकून ते हरिण आठवतं.

याच चष्म्यातून एक फरकही स्वच्छ दिसतो. कवट्या, रक्त, आतडी दाखवणारी पुष्कळ मेटल गाणी भयानक नसतातच, ती बीभत्स असतात. किळस आणि भीती वेगळ्या. नवीन ऐकणारे बहुधा तिथेच अडकतात आणि रॉकमधलं भय म्हणजे एवढंच, असं समजून परत फिरतात.

भीतीला सगळ्यात नीट उलगडून पाहिलं ते माझ्या मते कॅनडाच्या 'रश' या तिघांच्या बँडनं. ढोलकीवाल्यानं ढोलकी वाजवावी, लिहिण्याच्या भानगडीत पडू नये, असं समजणाऱ्यांनी नील पीअर्टकडे बघावं. ड्रम वाजवणारा हाच माणूस त्यांची बहुतेक गाणी लिहायचा. एका वयस्कर माणसाचं म्हणणं त्याच्या मनात घर करून राहिलं होतं: माणसाचं आयुष्य प्रेमावर, बुद्धीवर किंवा पैशावर चालत नाही, भीतीवर चालतं. त्यातून त्यानं 'भीती' या नावाखाली तीन गाणी लिहिली आणि ती उलट क्रमानं आली. १९८१ मध्ये आलं तिसरं, 'विच हंट'. १९८२ मध्ये दुसरं, 'द वेपन'. १९८४ मध्ये पहिलं, 'द एनिमी विदिन'.

पहिलं गाणं आपल्या आतल्या भीतीचं: कोपऱ्यात हललेली सावली, अंगावर सरसरणारं काहीतरी. दुसरं, तीच भीती दुसऱ्याच्या हातात हत्यार कशी होते याचं. तिसरं, ती गर्दीत शिरली की काय होतं याचं. क्रम उलटा का असावा? मला वाटतं, जमावाची भीती दुरून दिसते, म्हणून लिहायला सोपी. स्वतःच्या आतली दिसायला वेळ लागतो. भाचीला मी तिन्ही गाणी आली त्याच क्रमानं ऐकवली आणि तुम्हीही तसंच ऐका.

'विच हंट'च्या सुरुवातीला जमावाची कुजबूज आणि आरडाओरड आहे. ती बँडच्या मंडळींनी क्विबेकमधल्या स्टुडिओबाहेर, कडाक्याच्या थंडीत उभं राहून स्वतःच ओरडून मुद्रित केली. मग गाणं मशाली घेतलेल्या लोकांसारखं जड पावलांनी चालायला लागतं. शब्दांत चेटकीण कुठेच दिसत नाही. दिसतात ते तिला शोधायला निघालेले, स्वतःला सज्जन समजणारे लोक.

हे गाणं महाराष्ट्रात बसून ऐकताना मला धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवल्याशिवाय राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते भिक्षा मागत फिरत होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती, एवढंच निमित्त. प्रत्येकाच्या मनात आपल्या लेकराविषयीची साधी, खरी भीती होती. ती हातोहात पुढे सरकली आणि गर्दीत पोचेपर्यंत तिचं हत्यार झालं होतं. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली करावा लागला, त्याच्यामागेही हीच भीती आहे. पीअर्टची तीन गाणी मला म्हणून परदेशी वाटत नाहीत.

२००२ मध्ये त्यानं चौथं गाणं जोडलं, 'फ्रीझ'. मधल्या काळात, १९९७ आणि १९९८ मध्ये, त्याची मुलगी अपघातात गेली आणि वर्षभरात बायको कर्करोगानं. भीती समोर आली की माणूस लढतो किंवा पळतो असं आपण म्हणतो. तिसरी गोष्टही घडते, तो जागीच गोठतो. चौथं गाणं त्या गोठण्याचं आहे.

मरणाच्या भीतीसाठी पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' ऐका, तुकड्यांत नको, सलग. तो हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांवरच विरतो. ते ठोके ड्रमवर वाजवलेले आहेत. अल्बम करताना त्यांनी प्रश्नांची कार्डं तयार केली होती आणि स्टुडिओत जो भेटेल त्याला विचारत होते. एक प्रश्न होता, मरणाची भीती वाटते का? स्टुडिओच्या दारावरच्या माणसानं शांतपणे सांगितलं, मला नाही वाटत, कधीतरी जायचंच आहे. त्याचा आवाज अल्बममध्ये आहे. त्याच्या पाठोपाठ क्लेअर टोरी नावाची गायिका एकही शब्द न वापरता, नुसत्या आलापीनं जे गाते, ते ऐकताना मरणाविषयीचं सगळं बोलून झालं असं वाटतं. दारवानाचं 'नाही' आणि तिचं आक्रंदन, दोन्ही शेजारी ठेवलेली आहेत. कुणी कुणाला खोडत नाही.

रेडिओहेडनं १९९७ च्या 'क्लायंबिंग अप द वॉल्स'मध्ये सोळा तंतुवाद्यांना एकमेकांपासून पाव स्वराच्या अंतरावर वाजवायला लावलं. श्रुतींची सवय असलेल्या आपल्या कानालाही तो थवा सहन होत नाही. ते रात्री ऐकू नका, एवढंच सांगतो.

नागपूरकरानं भयाविषयी लिहावं आणि ग्रेसचं नाव घेऊ नये, हे शक्य नाही. 'भय इथले संपत नाही' ही त्यांची कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत लतादीदींनी गायली. तिच्यात ना किंकाळी, ना फाटका सूर. भय तिथे संध्याकाळच्या उजेडासारखं पसरलेलं आहे, त्याच्यासोबत राहायचं आहे. रॉकची वाट वेगळी. रॉक भयाला अंगणात ओढून आणतो, त्याला उंची देतो, चेहरा देतो आणि सगळ्यांना बोलावतो.

हे कसं, ते मला पुस्तकातून कळलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याकडे त्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत, कागद-बांबूचे अवाढव्य पुतळे, इतवारीच्या अरुंद रस्त्यांवर माणसांच्या डोक्यांवरून डुलत येतात. सोबत त्या वर्षीच्या संकटांचे बडगे, म्हणजे तेही पुतळेच. एकोणिसाव्या शतकापासून हे चालू आहे. आणि हजारो गळे एकाच वेळी ओरडतात: रोगराई घेऊन जा गे मारबत! इडापिडा घेऊन जा गे मारबत! लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी काळ्या मारबतीचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा रडलो होतो. मग आजूबाजूचे सगळे ओरडताहेत हे बघून मीही ओरडायला लागलो, आणि रडणं कधी थांबलं ते कळलं नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आयर्न मेडनचं 'फिअर ऑफ द डार्क' ऐकलं. गाणं १९९२ चं, स्टीव्ह हॅरिसनं लिहिलेलं. अंधाऱ्या रस्त्यानं एकटा चाललेला माणूस, मागे कुणीतरी आहे असा भास, वळून बघायची हिंमत नाही. स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण चांगलं आहे, पण जानेवारी २००१ मध्ये रिओ द जानेरोला झालेल्या मैफलीचं ऐका. गिटारची सुरावट सुरू होते आणि तिला शब्द नसतानाही अख्खं मैदान ती गायला लागतं. एकट्यानं अंधाराला घाबरणाऱ्या माणसाचं गाणं, आणि ते लाखांच्या गर्दीनं गायलेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पुन्हा वडिलांच्या खांद्यावर होतो.

भाचीला मी हे सगळं एका दुपारी सांगितलं नाही, महिनाभर थोडंथोडं सांगत होतो. जूनच्या शेवटी ती परत गेली. जायच्या आदल्या रात्री वीज गेली, आणि तेव्हाच पावसाची पहिली मोठी सर आली. तिनं अंधारात पेटी ओढली, पांढरी पाच धरली, वरचा सा घेतला, तीव्र मध्यमावर आली आणि सवयीनं बोट पंचमाकडे निघालं.

"नको," मी म्हटलं. "तिथेच थांब."

ती थांबली. भाता हळूहळू रिकामा होत गेला, बाहेर पाऊस वाजत राहिला.